शब्दांची फोड

दिवेलागणीची वेळ झाली कीं शहरांतल्या अनेक घरांतून एक ठराविक सूर ऐकूं येतो. आठवी-नववींतला एखादा मुलगा भिंतीशीं टेकून, मांडीवर पुस्तक उघडें ठेवून, पुढें-मागें झुलत म्हणत असतो : ‘ए, डबल सी, ओ, डबल एम, ओ, डी, ए, टी, आय, ओ, एन, अकॉमोडेशन.’ चाल पाढ्यांची. अर्थाशीं संबंध नाहीं. दहा वेळां म्हणून झालें कीं तो पुस्तक मिटतो आणि तोच शब्द वहींत लिहितो. लिहितांना एक ‘सी’ तरी गळतो, नाहीं तर एक ‘एम’ तरी. आई आणखी दहा वेळां म्हणावयास लावते. वडील वर्तमानपत्रांतून मान वर करून म्हणतात कीं ह्याला इंग्रजी कांहीं यावयाचें नाहीं. मुलगा तें ऐकतो. आणि हळूहळू त्यालाहि तें खरें वाटूं लागतें.

वस्तुतः त्या मुलाची स्मरणशक्ति मंद नसते. तेरा अक्षरें हे त्याच्या हातीं दिलेले तेरा सुटे मणी असतात. दोरा कोणीं दिलेलाच नसतो. हा शब्द तेरा अक्षरांचा नसून चार-पांच तुकड्यांचा आहे, आणि दोन ‘सी’ व दोन ‘एम’ हे कोणाच्या लहरीनें आलेले नसून त्यांना सबळ कारण आहे, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. ज्याला कारण कळलें, त्याला घोकावें लागत नाहीं.

महाराष्ट्रांतील मराठी शाळांत सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविलें जातें. त्यापूर्वीं तें पांचवीपासून सुरू होई. शिकण्याचीं वर्षें वाढलीं. पण लांब शब्द दिसतांच डोळे मिटून पुढें उडी मारण्याची संवय पुष्कळांची गेलेली नाहीं. ही संवय केवळ परीक्षेंतल्या गुणांपुरती घातक असती, तर तिच्याविषयीं इतकें बोलण्याचें कारण नव्हतें. परंतु शास्त्राचें पुस्तक, कचेरीचा कागद, करारनामा, औषधाची बाटली, डॉक्टरांची चिठ्ठी ह्या सर्वांवर असलेच शब्द असतात, आणि ते न वाचतां सोडून देणें नेहमींच परवडत नाहीं. ह्या भीतीवर उपाय एकच : शब्द गिळूं नये, तो फोडावा.

शब्दांची फोड ही मराठी माणसाला अपरिचित गोष्ट नव्हे. ‘विद्यालय’ हाच शब्द पाहूं. कान त्याची फोड करतो ती ‘विद्-द्या-लय’ अशी. व्याकरण करतें ती ‘विद्या’ आणि ‘आलय’ अशी. कानाला शेवटीं ‘लय’ ऐकूं येतो. अर्थांत मात्र लय कोठेंच नाहीं. आलयाचा ‘आ’ विद्येच्या ‘आ’ मध्यें मिसळून गेलेला आहे. एकाच शब्दाच्या ह्या दोन फोडी झाल्या, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली उच्चारासाठीं, दुसरी अर्थासाठीं. पहिल्या फोडींतील तुकड्याला इंग्रजींत ‘सिलॅबल’ म्हणतात. त्याला येथें उच्चारखंड म्हणूं. दुसऱ्या फोडींतील तुकड्यांत आपले उपसर्ग, धातु आणि प्रत्यय येतात. त्यांना अर्थखंड म्हणूं. ह्या दोन फोडींची गल्लत होते, तेथेंच बहुतेक घोटाळे उत्पन्न होतात.

ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे हें सांगावयास ऋग्वेदाचा पदपाठ पुरेसा आहे. तो शाकल्याच्या नांवावर आहे. संहितेंतील संधि सोडवून त्यांत प्रत्येक पद सुटें केलेलें आहे, आणि सामासिक पदाच्या दोन अंगांमध्यें अवग्रहाचें चिन्ह घालून सांधा दाखविलेला आहे. ‘पुरोहित’ हें पद तेथें ‘पुरः’ आणि ‘हित’ असें वेगळें होतें. पुढें ठेवलेला तो पुरोहित. ज्या परंपरेंत शब्द फोडून पाठ करण्याची शिस्त इतकी कडक होती, तिच्या वारसांनीं परकी भाषा मात्र न फोडतां पाठ करावी, हें चमत्कारिकच म्हटलें पाहिजे.

आतां प्रथम कानाची फोड. इंग्रज मुलांना वाचावयास शिकविण्यासाठीं शब्दांचे उच्चारखंड पाडून देण्याची पद्धति फार दिवसांची आहे. टॉमस डिलवर्थ याचें ह्या विषयावरील पुस्तक १७४० सालीं निघालें, आणि तें इंग्लंडप्रमाणें अमेरिकेंतहि बरींच वर्षें चाललें. त्या काळच्या पुस्तकांतून ‘क्लस्टर’ हा शब्द ‘क्ल-स्टर’ असा आणि ‘हॅबिट’ हा ‘हॅ-बिट’ असा तोडून दाखवीत. १७८३ सालीं नोआ वेब्स्टर ह्या तरुण अमेरिकन शिक्षकानें आपलें पुस्तक काढलें, आणि ह्या तोडण्यावर सरळ हल्ला चढविला. त्याचें म्हणणें असें कीं, उच्चार जेथें तुटतो तेथेंच शब्द तोडला पाहिजे. ‘क्लस्-टर’, ‘हॅब्-इट’ असें. नाहीं तर पहिला खंड स्वरावर सुटा राहिला म्हणजे मूल तो स्वर लांबवितें आणि भलताच उच्चार करतें.

ही दोनशेंहून अधिक वर्षांपूर्वींची अमेरिकेंतली तक्रार मराठी मुलाला अगदीं जवळची आहे. कारण ती जुनी फोड देवनागरीच्या वळणाची आहे. आपली लिपि व्यंजनाला पुढच्या स्वराशीं बांधते. ‘शक्ति’ हा शब्द आपण ‘श’ आणि ‘क्ति’ असा लिहितों. परंतु वृत्त मोजतांना ह्याच शब्दांतला ‘श’ गुरु धरावा लागतो. ऱ्हस्व असून तो गुरु कां? कारण जोडाक्षराचा पहिला भाग मागच्या अक्षरावर आदळतो. लेखणी ‘श-क्ति’ लिहिते, पण कान ‘शक्-ति’ ऐकतो. ज्यानें शाळेंत एकदां लघु-गुरु मोजले आहेत, त्याला इंग्रजी उच्चारखंड पाडण्याची किल्ली मिळालेलीच आहे. त्यानें लिपीचें न ऐकतां कानाचें ऐकावें, इतकेंच.

नियम थोडे आहेत. पहिला असा कीं, तोंडानें जितके स्वर उच्चारले जातात तितकेच खंड. लिहिलेले स्वर मोजावयाचे नाहींत. ‘केक’ ह्या शब्दांत लिहितांना दोन स्वर येतात. त्यांतला शेवटचा ‘ई’ मुका, म्हणून खंड एकच. ‘ब्यूटिफुल’ ह्या शब्दाच्या आरंभीं ई, ए, यू असे तीन स्वर ओळीनें बसलेले आहेत, पण त्यांचा आवाज एक. म्हणून ‘ब्यू-टि-फुल’ असे तीनच खंड. लहान मुलाला हें समजावयाचें असेल, तर त्यानें हनुवटीखालीं तळहात धरून शब्द सावकाश म्हणावा. बहुधा जितक्या वेळां हनुवटी हाताला लागेल तितके खंड.

दुसरा नियम : दोन स्वरांच्या मध्यें दोन व्यंजनें आलीं तर बहुधा त्यांच्या मधोमध तोडावें. ‘विन्-टर’, ‘पेन्-सिल’, ‘बास्-केट’. मात्र दोन अक्षरें मिळून एकच आवाज होत असेल, तर ती जोडी फोडूं नये. ‘एलिफंट’ ह्या शब्दांतील पी आणि एच हे मिळून ‘फ’ होतो. त्यांना वेगळे केले तर हत्ती पंगु होईल.

तिसरा नियम : मध्यें एकच व्यंजन असेल तर दोन्ही प्रकार तोंडानें करून पाहावे. ‘टाय-गर’, ‘पे-पर’, ‘हो-टेल’ येथें पहिला खंड स्वरावर उघडा राहतो व स्वर लांब होतो. ‘रिव्ह्-अर’, ‘लेम्-अन’, ‘कॅब्-इन’ येथें व्यंजन मागें चिकटतें आणि स्वर आंखूड राहतो. चौथा नियम शेवटच्या ‘एल-ई’ विषयीं : ती जोडी आपल्यामागचें व्यंजन ओढून घेते, ‘टे-बल’, ‘कॅन्-डल’. आणि ‘टी-आय-ओ-एन’ हा प्रत्यय म्हणजे एकच खंड, ‘शन’. तो कधींहि तोडूं नये. ह्या चार-पांच गोष्टींनीं शाळेंतल्या बहुतेक शब्दांचें काम भागतें. जेथें भागत नाहीं तेथें कोश आहेच.

कानाची फोड शब्द वाचवते. परंतु तो कां तसा लिहावयाचा हें ती सांगत नाहीं. त्यासाठीं दुसरी फोड हवी. आतां त्या मुलाच्या ‘अकॉमोडेशन’ कडे परत जाऊं. हा शब्द मूळचा लॅटिन. त्याच्या आरंभीं ‘अड्’ हा उपसर्ग आहे. अर्थ ‘-कडे’ किंवा ‘-ला’. त्यापुढें ‘कॉम्’, अर्थ ‘सह’. त्यापुढें ‘मोड्’; अर्थ माप, रीत. शेवटीं प्रत्यय. एखाद्याच्या मापाला जुळेल अशी सोय करणें तें अकॉमोडेशन. आतां ‘अड्’ पुढें ‘क’ आला, तेव्हां ‘ड्’ बदलून ‘क्’ झाला, आणि ‘सी’ दोन झाले. ‘कॉम्’ चा ‘म्’ आणि ‘मोड्’ चा ‘म’ शेजारीं आले, आणि ‘एम’ दोन झाले. ह्यांत नवल तें काय? ‘उद्’ आणि ‘चार’ मिळून ‘उच्चार’ होतो, ‘सत्’ आणि ‘जन’ मिळून ‘सज्जन’ होतो, हें मराठी मुलगा व्याकरणाच्या तासाला शिकतोच. तीच ही व्यंजनसंधि. फक्त ती दुसऱ्या तासाला भेटली म्हणून ओळख पटत नाहीं.

एकदां ओळख पटली म्हणजे जोडाक्षरांचें कोडें भराभर उलगडतें. ‘इन्’ हा लॅटिन नकार. तो ‘लीगल’ च्या मागें लागला कीं ‘इल्लीगल’ होतो, म्हणून दोन ‘एल’. जसा ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’. ‘रेग्युलर’ च्या मागें लागला कीं ‘आर’ दोन. ‘मॉर्टल’ च्या मागें लागला कीं ‘एम’ दोन. ‘सेपरेट’ ह्या शब्दांत पुष्कळ जण मध्यें ‘ई’ लिहितात; परंतु त्याची फोड ‘से’ आणि ‘पर’ अशी असून हा ‘पर’ म्हणजे ‘प्रिपेअर’ मधलाच पी-ए-आर आहे. तेथें ‘ए’ आहे, म्हणून येथेंहि ‘ए’. ‘डेफिनिट’ ह्या शब्दांत ‘फिनिस’ म्हणजे शेवट, सीमा हा शब्द बसलेला आहे. तोच ‘फिनिश’ मध्यें आहे. ‘फिनिश’ लिहितांना ‘एन’ पुढें ‘आय’ येतो, मग ‘डेफिनिट’ मध्येंहि तोच येणार. ‘साइन’ ह्या शब्दांतला ‘जी’ मुका आहे म्हणून मुलें चिडतात. पण ‘सिग्नेचर’ म्हणतांना तो स्पष्ट बोलतो. तो मेलेला नाहीं. गप्प बसलेला आहे.

ह्या फोडीचें सामर्थ्य पाहावयाचें असेल, तर इंग्रजींतला एक बदनाम शब्द घ्यावा : ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’. अक्षरें २८. ऐकणाऱ्याचा जीव दडपतो. परंतु मधला गाभा फक्त ‘एस्टॅब्लिश’, म्हणजे स्थापन करणें. त्याला ‘मेंट’ लावलें कीं झाली स्थापना. येथें ती चर्चला मिळालेली राजमान्यता. आरंभीं ‘डिस’ आलें कीं ती मान्यता काढून घेणें. त्याच्याहि आधीं ‘अँटि’ आलें कीं ती काढून घेण्यास विरोध. ‘एरियन’ म्हणजे त्या पक्षाचा मनुष्य, ‘इझम’ म्हणजे त्याचें मत. एकोणिसाव्या शतकांत ब्रिटनमध्यें हा वाद पेटलेला होता. आयर्लंडमधील चर्चची राजमान्यता १८६९ च्या कायद्यानें काढली आणि १८७१ पासून तो कायदा अमलांत आला. ज्यांना हें पटलें नाहीं, त्यांचें हें मत. सहा तुकडे झाले आणि राक्षस नाहींसा झाला. शिवाय त्या गाभ्यांतला ‘स्ट’ हा आपल्या ‘स्था’ धातूचाच भाऊ आहे, म्हणजे ‘स्थापना’ आणि ‘एस्टॅब्लिशमेंट’ हीं एकाच बीजाचीं झाडें ठरतात.

ह्या दोन फोडी नेहमीं जुळत नाहींत, हें ‘विद्यालय’ शब्दानें दाखविलेंच आहे. ‘फोटोग्राफ’ ह्या शब्दाचे अर्थखंड दोन : ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणें. प्रकाशानें लिहिलेलें तें फोटोग्राफ. परंतु ‘फोटोग्राफ’ म्हणतांना इंग्रज मनुष्य जोर पहिल्या खंडावर देतो, ‘फोटॉग्रफी’ म्हणतांना दुसऱ्यावर, आणि ‘फोटोग्राफिक’ म्हणतांना तिसऱ्यावर. जोर सरकला कीं कानाची फोडहि सरकते. ‘फ-टॉग्-र-फी’ ह्यांत ‘फोटो’ कोठें राहिला? मराठींत शब्दाच्या एका अक्षरावर इतका आघात देण्याची चाल नाहीं. आपण सर्व अक्षरांना सारखें वागवतों. म्हणून मराठी माणसाचें इंग्रजी शुद्ध असूनहि पुष्कळदां परक्याला समजत नाहीं. जो खंड पाडावयास शिकतो, त्यानें त्यांतला मुख्य खंड कोणता हेंहि कोशांत पाहून ठेवावें.

छापखान्यांतहि ह्या दोन फोडींचें भांडण आहे. ओळ संपली आणि शब्द मावला नाहीं, तर तो कोठें तोडावा? अमेरिकन प्रघात उच्चाराच्या बाजूचा, ब्रिटिश परंपरा बरीचशी अर्थाच्या बाजूची. ‘नॉलेज’ ह्या शब्दांत ‘नो’ म्हणजे जाणणें हा शब्द आहे. ब्रिटिश जुळारी तो अखंड ठेवून ‘डब्ल्यू’ नंतर तोडी, अमेरिकन पुढचा ‘एल’ ही अलीकडे घेई. निव्वळ कानाचें ऐकलें तरी फजिती होते; ‘लेजंड’ चें अनेकवचन नियमानें तोडलें कीं ओळीच्या शेवटीं ‘लेग’ म्हणजे पाय उरतो, आणि दुसऱ्या ओळीला आरंभीं ‘एंड्स’. १९८३ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत फ्रँक लियांग यांनीं हें काम संगणकाकडून कसें करवावें ह्यावर प्रबंध लिहिला. त्या रीतीनें यंत्र बहुतेक शब्द अचूक तोडूं लागलें. तथापि ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असेल तर एके ठिकाणीं तुटतो आणि क्रियापद असेल तर दुसऱ्या ठिकाणीं. नुसत्या अक्षरांकडे पाहून हा भेद कोणालाच कळणें शक्य नाहीं. वाक्याचा अर्थ कळावा लागतो.

अर्थाच्या फोडींत मराठी वाचकाला एक विशेष आनंद आहे, जो पुष्कळ इंग्रजांनाहि लाभत नाहीं. २ फेब्रुवारी १७८६ रोजीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें सर विल्यम जोन्स यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात. त्या सिद्धान्ताची प्रचीति साध्या शब्दांतून येते. ‘ट्रायडंट’ हा शब्द फोडला कीं ‘त्रि’ आणि ‘दंत’ निघतात. ‘बायपेड’ फोडला कीं द्विपाद. ‘इम्मॉर्टल’ फोडला कीं नकार आणि मरण. म्हणजे आपला ‘अमृत’. ‘अनॉनिमस’ म्हणजे अनाम. ‘कँडिडेट’ ह्या शब्दांत पांढरा असा अर्थ आहे, कारण रोममध्यें निवडणुकीचा उमेदवार शुभ्र वस्त्र घालून मतें मागत फिरे. त्या शुभ्रतेचा धातु आपल्या ‘चंद्र’ शब्दाचा सगोत्र आहे. उमेदवारांचा पोशाख फारसा बदलला नाहीं, हें ओघानेंच लक्षांत येतें.

आणि ‘बस’? १५ जुलै १९२६ पासून मुंबईच्या रस्त्यावर ती धांवते आहे. हा शब्द म्हणजे ‘ऑम्निबस’ चें शेपूट. ‘ऑम्निबस’ हें लॅटिनमधील चतुर्थीचें अनेकवचन, अर्थ ‘सर्वांसाठीं’. लोकांनीं ‘सर्व’ हा शब्द टाकून दिला आणि नुसता विभक्तिप्रत्यय ठेवला. ‘सर्वेभ्यः’ ह्या संस्कृत रूपांतला ‘भ्यः’ हा त्याच कुळांतला प्रत्यय आहे. म्हणजे रोज सकाळीं लक्षावधि माणसें एका प्रत्ययावर बसून कचेरीला जातात.

परंतु येथेंच सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. चुकीची फोड ही न केलेल्या फोडीहून वाईट. ‘हॅम्बर्गर’ ह्यांत ‘हॅम’ म्हणजे डुकराचें मांस नाहीं. तो ‘हॅम्बुर्ग’ ह्या जर्मन शहराचा शब्द आहे. लोकांनीं तो भलत्या ठिकाणीं तोडला आणि ‘बर्गर’ नांवाचा नवा शब्द जन्माला घातला. ‘हेलिकॉप्टर’ हा शब्द १८६१ च्या सुमारास फ्रान्समध्यें घडविला गेला. ‘हेलिको’ म्हणजे पीळ, आणि ‘प्टर’ म्हणजे पंख. कानानें तो ‘हे-लि-कॉप्-टर’ असा तोडला, आणि आतां ‘हेलिपॅड’ वर तो उतरतो. ह्यांत कोणाचें नुकसान झालें नाहीं. दुसऱ्या कांहीं शब्दांत मात्र होतें. पेट्रोलच्या टाकीवर ‘इन्फ्लेमेबल’ असें लिहिलेलें असतें. आरंभींचा ‘इन्’ हा नकार समजून एखाद्यानें ‘न पेटणारें’ असा अर्थ केला तर? हा ‘इन्’ नकाराचा नव्हे. ‘आंत’ ह्या अर्थाचा आहे, आणि शब्दाचा अर्थ ‘चटकन् पेट घेणारें’. ह्याच घोटाळ्याच्या भीतीनें अमेरिकेंत विसाव्या शतकांत ‘फ्लेमेबल’ असा शब्द प्रचारांत आणला गेला.

दवाखान्यांतलें उदाहरण तर प्रत्येक घराला लागू आहे. ‘हायपर’ म्हणजे वर, अधिक; ‘हायपो’ म्हणजे खालीं, कमी. एक ‘उपरि’ चा भाऊ, दुसरा ‘उप’ चा. ‘ग्लाय’ म्हणजे गोड आणि ‘एमिया’ म्हणजे रक्ताची स्थिति. एका शब्दाचा अर्थ रक्तांत साखर फार झाली, दुसऱ्याचा अर्थ ती फार उतरली. मधुमेहाच्या रोग्याला साखर उतरून घाम फुटला, हात कांपूं लागले, तर शुद्धीवर असेपर्यंत त्वरित गोड द्यावें लागतें. चढली असेल तर नेमकें उलट. दोन शब्दांत फरक फक्त ‘पर’ आणि ‘पो’ एवढाच. घरांत चिठ्ठी वाचणाऱ्याला हे दोन तुकडे वेगळे ओळखतां आले पाहिजेत. लांब शब्द पाहून ‘कांहीं तरी साखरेचें आहे’ एवढ्यावर भागत नाहीं.

एवंच, घरच्या अभ्यासाची रीत सोपी आहे. लांब शब्द आला कीं प्रथम तो कानानें फोडून सावकाश म्हणावा. मग मागचे-पुढचे ओळखीचे तुकडे बाजूला काढून मधला गाभा शोधावा. मग अर्थाचा तर्क करावा. आणि शेवटीं कोश उघडून तो तर्क ताडून पाहावा. ही शेवटची पायरी गाळूं नये, कारण शब्द आपलें मूळ घर सोडून दूर जातात. ‘मॅन्युफॅक्चर’ ह्याचा मूळ अर्थ हातानें करणें. आज त्यांत हात सोडून बाकी सर्व कांहीं असतें. एका वहींत डाव्या बाजूस तुकडा, उजव्या बाजूस त्याचे चार शब्द, अशी टिपणें ठेवलीं तर वर्षभरांत शंभर तुकडे सहज जमतील, आणि त्यांच्या जोरावर न पाहिलेले कितीतरी शब्दहि ओळखीचे वाटतील.

त्या दिवेलागणीच्या मुलाला एवढें कोणीं तरी सांगावें. दहा वेळां घोकण्याऐवजीं त्याला एकदां विचारावें कीं ‘उच्चार’ ची संधि कशी सोडवतोस, आणि मग ‘अकॉमोडेशन’ पुढें ठेवावा. तो शब्द उलगडला कीं लगेच ‘इमीजिएट’ द्यावा. ह्याहि शब्दांत एक ‘एम’ हटकून गळतो. ‘इन्’ म्हणजे नाहीं. ‘मीडि’ म्हणजे मध्य. मध्यें कांहीं नाहीं तें तात्काळ. मुलगा हें स्वतः शोधून काढील, आणि दोन ‘एम’ लिहील, ते पुन्हां न विसरण्यासाठीं. वर्तमानपत्र वाचणाऱ्या वडिलांनींहि त्या वेळीं कागद घेऊन हा शब्द लिहून पाहावा. त्यांच्या हातून किती ‘एम’ पडतात तें पाहावें, आणि मग मुलाला इंग्रजी यावयाचें कीं नाहीं ह्याचा निर्णय करावा.